जर्मनीतली माणसं तुटक नाहीत, त्यांची दारं वेळ ठरवून उघडतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या एप्रिलमध्ये नोकरीसाठी तुम्ही स्टुटगार्टजवळ राहायला आलात, ऑक्टोबरमध्ये पत्नी आल्या. कामाचं छान चाललंय. पण इमारतीतल्या एका आजींनी कचऱ्याच्या डब्यावरून तुमच्या दारावर चिठ्ठी चिकटवली. रविवारी भिंतीला ड्रिल लावलं तर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. ऑफिसातले लोक हसून बोलतात, पण वर्ष होत आलं तरी एकानेही घरी बोलावलेलं नाही. आणि आता पत्नी म्हणताहेत की इथं कुणी कुणाचं नाही, आपण परत जाऊ. ही माणसं मुळातच कोरडी आहेत की आमचंच काही चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नाही. भारतातून इथं येणाऱ्या कुटुंबांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे, घर शोधण्यापासून मुलांच्या शाळाप्रवेशापर्यंत, आणि तुमच्यासारखं पत्र मला दर हिवाळ्यात येतं. आपल्याकडे आधी माणूस जोडला जातो आणि मग त्याच्या ओळखीने कामं होतात. इथं आधी कामाची, वेळेची, जागेची चौकट ठरते आणि त्या चौकटीत एकमेकांना पुन्हा पुन्हा भेटता भेटता माणूस जोडला जातो. चौकटीबाहेरून कितीही जिव्हाळ्याने हाक मारली तरी ओ येत नाही. मग आपल्याला वाटतं, आत कुणी नाहीच.

चिठ्ठीपासून सुरुवात करू, कारण तीच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेली दिसते. आपल्याकडे शेजाऱ्याची तक्रार असली तर तो गप्प बसतो किंवा तिसऱ्याकरवी कानावर घालतो. दारावर चिठ्ठी लावणं म्हणजे चारचौघांत अपमान. इथल्या रिवाजात मात्र ती सौम्य पायरी आहे. आजींना खरंच वाद घालायचा असता तर त्यांनी घरमालकाला किंवा इमारतीचं व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीला लेखी कळवलं असतं. ते न करता त्यांनी विषय तुमच्या-त्यांच्यात ठेवला. शिवाय त्यांच्या चिडण्याला पैशाचंही कारण आहे. ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिक सापडलं तर गाडीवाले तो डबा न उचलता तसाच ठेवून जाऊ शकतात. मग तो वेगळे पैसे भरून उचलून न्यावा लागतो आणि तो खर्च वर्षाच्या हिशेबात सगळ्या भाडेकरूंत वाटला जातो. पेन्शनवर जगणाऱ्या बाईला हे खुपणारच.

डब्यांचे रंग आणि नियम शहरागणिक थोडे बदलतात, म्हणून बर्लिनच्या मित्राचा सल्ला स्टुटगार्टला चालेलच असं नाही. महापालिकेच्या संकेतस्थळावर चित्रांसह तक्ता असतो, तो छापून स्वयंपाकघरात लावा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत पांढरी, तपकिरी, हिरवी अशा वेगवेगळ्या टाकायच्या. निळी काच हिरवीत जाते. पेटीवर वेळाही लिहिलेल्या असतात, रविवारी तिथे बाटल्यांचा खणखणाट करायचा नाही. ज्या बाटल्यांवर अनामत असते त्या मात्र दुकानात परत न्यायच्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीला आणि कॅनला २५ सेंट, बिअरच्या बहुतेक काचेच्या बाटल्यांना ८ सेंट मिळतात.

तुम्ही श्वाबेन भागात राहता, म्हणजे केअरवोखेशीही तुमची गाठ पडेल. दाराच्या मुठीला पाटी लटकलेली दिसली की त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची. बहुधा भाडेकरारात किंवा इमारतीच्या नियमावलीत ते लिहिलेलं असतं. माझा आग्रह आहे की हे काम मन लावून करा आणि झाल्यावर पाटी पुढच्या दारावर स्वतः नेऊन लावा. त्या इमारतीत तीस-तीस वर्षं राहणारी माणसं नव्या बिऱ्हाडाची पारख जिन्यावरूनच करतात. गोड बोलून जे साधणार नाही ते इथं स्वच्छ जिन्याने साधतं. हे मी अनेक घरांत पाहिलेलं आहे.

रविवारचा मुद्दा वेगळा. तुम्हाला वाटलं, खालच्या माणसाला आपला राग आहे. त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याची आठवड्यातली एकमेव हक्काची शांतता मोडलीत. रविवार आणि सणाच्या सुट्या या विश्रांतीचे दिवस म्हणून संरक्षित आहेत, असं १९१९ च्या वायमार घटनेत, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेत, लिहिलं गेलं. आजच्या घटनेने १४० व्या कलमात ती तरतूद जशीच्या तशी उचलली. बर्लिनने नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली, तेव्हा चर्चसंस्था घटना न्यायालयात गेल्या आणि २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. कामगार संघटनाही या बाबतीत चर्चच्याच बाजूला उभ्या असतात. ड्रिल, हातोडा, व्हॅक्यूम क्लीनर ही कामं शनिवारीच उरकायची. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ रोजचीच. घरी पाहुणे येणार असतील, गणपतीची आरती असेल, तर दोन दिवस आधी जिन्यात एक चिठ्ठी लावा. अमुक तारखेला अमुक वेळेपर्यंत आवाज होईल, त्रास झाला तर या नंबरवर फोन करा. आधी सांगितलेल्या आवाजावर सहसा कुणी रागावत नाही.

आता कुणी टोकलं तर काय करायचं. रस्त्यावर सिग्नल लाल असताना पायी ओलांडलात तर दंड जेमतेम ५ युरो आहे, पण एखाद्या अनोळखी बाई तुम्हाला मोठ्याने सुनावतील, कारण शेजारी लहान मूल उभं आहे आणि ते तुमचं पाहून शिकेल. टोकणाऱ्याला इथं आगाऊ समजत नाहीत, तो आपलं नागरिकाचं काम करतोय असं धरतात. म्हणून आपली बाजू मांडत बसू नका. त्या आजींकडे एका संध्याकाळी सहाच्या सुमाराला जा, दुपारी एक ते तीनमध्ये नको. चिठ्ठीबद्दल आभार माना आणि म्हणा, हे डबे मला नीट समजलेले नाहीत, एकदा दाखवाल का? जर्मन मोडकंतोडकं असलं तरी चालेल. इथल्या माणसाला मदत मागितलेली आवडते, नेमकी मागितली तर. "काही लागलं तर सांगा" या वाक्याला इथं फारसं वजन नाही, "मंगळवारी माझं पार्सल घ्याल का?" याला आहे. पार्सल ही इथल्या शेजारधर्माची सुरुवात असते. तुम्ही घरी नसलात तर कुरिअरवाला शेजाऱ्याकडे देतो आणि पेटीत चिठ्ठी टाकतो. दिवसा घरात असणाऱ्या तुमच्या पत्नी इमारतीतल्यांची पार्सलं घेऊ लागल्या तर महिन्याभरात चार दारांवरची नावं आणि चेहरे त्यांच्या ओळखीचे होतील.

घरी न बोलावण्याबद्दल. सहकारी हा इथं आपोआप मित्र होत नाही. ऑफिस आणि घर यांच्यात मुद्दाम भिंत राखलेली असते, आणि ती तुमच्यासाठी खास बांधलेली नाही. जर्मन सहकाऱ्यांनाही एकमेकांच्या घरचा जिना ठाऊक नसतो. तुम्ही त्यांना "कधीही या" म्हणालात असं लिहिलंय. त्यांच्या कानाला ते आमंत्रण वाटतच नाही. "१२ तारखेला शनिवारी दुपारी साडेतीनला कॉफी आणि केकसाठी या" हे आमंत्रण, आणि तेही दोन-तीन आठवडे आधी द्यायचं. दुपारची कॉफी मी मुद्दाम सुचवते. तिचा शेवट सहाच्या आसपास आपोआप होतो, त्यामुळे पहिल्या भेटीला कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. पाहुणे वेळेवर येतील, तुम्हीही कुणाकडे जाताना वेळेआधी जाऊ नका. आणू का काही, असं विचारलं तर "नको, नको" न म्हणता एखादी वस्तू सांगा. ताटात वाढताना "नको" म्हणजे नकोच. आपला प्रेमाचा आग्रह इथल्या माणसाला कोंडीत पकडल्यासारखा वाटतो. हे सोडायला सगळ्यात कठीण जातं ते आपल्या आयांना, त्या भेटीला आल्या की बघाल.

वाढदिवस तुमचा असेल तर ऑफिसात केक तुम्हीच न्यायचा, आणि दुसऱ्याला आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, ते अशुभ मानतात. लिफ्टमध्ये, डॉक्टरांच्या प्रतीक्षाखोलीत शिरताना सगळ्यांना उद्देशून नमस्कार करायचा आणि निघताना निरोप घ्यायचा. ही गोष्ट फार छोटी आहे, पण ज्यांना हे लोक कोरडे वाटतात त्यांना मी आधी हीच करायला सांगते. अनोळखी माणसांनी भरलेली खोली एकदम उत्तर देते.

खरी मैत्री मात्र या देशात फेराईनमधून होते. फेराईन म्हणजे नोंदणीकृत मंडळ. सात सभासद असले की ते नोंदवता येतं, आणि देशभरात अशी सहा लाखांच्या वर मंडळं आहेत. गाण्याची, गिर्यारोहणाची, बॅडमिंटनची, बुद्धिबळाची, बागकामाची, अग्निशमनाच्या स्वयंसेवकांची. तुम्ही क्रिकेटच्या आठवणी काढता, तर जर्मनीत क्रिकेटचीही मंडळं आहेत, पण तिथे बहुतेक आपल्याच उपखंडातले लोक भेटतील. एखादं असं मंडळ निवडा जिथे तुम्ही एकटे परदेशी असाल. दर गुरुवारी साडेसातला सराव असेल तर दर गुरुवारी साडेसातला हजर राहा. पहिले काही महिने कुणी फार बोलणार नाही, आणि बहुतेक आपली माणसं नेमकी तेव्हाच सोडतात. मग कधीतरी खुर्च्या आवरायला थांबता, वार्षिक मेळाव्यात पेयांचा स्टॉल सांभाळता, आणि कुणीतरी तुम्हाला अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर यायचं सुचवतं. वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाने ते सुचवायचं असतं, आपण नाही. त्यानंतर तो माणूस घर बदलायला टेम्पो घेऊन येतो, तुमच्या आजारपणात सूप आणून देतो. उशिरा जुळलेली ही नाती टिकतात, वीस-वीस वर्षं टिकतात. म्हणून "वर्ष होत आलं तरी कुणी नाही" हे वाक्य मला निकालासारखं वाटत नाही. इथल्या मोजमापाने तुमची नुकती सुरुवात झालेली आहे.

आता तुमच्या पत्नीबद्दल, आणि हा भाग त्यांनाही वाचायला द्या. माझ्या अनुभवात कुटुंब परत जातं ते सहसा नोकरी बिघडल्यामुळे नाही, घरात राहणारं माणूस कोमेजल्यामुळे. तुम्हाला सकाळी जायला एक जागा आहे. तिथे तुमचं टेबल आहे, तुमच्या अनुपस्थितीची दखल घेणारी माणसं आहेत. तुमच्या पत्नींना इथं कुणी नावाने हाकही मारत नाही. भारतात त्यांची नोकरी होती, स्वतःचं वर्तुळ होतं, आणि इथं बँकेपासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी त्या तुमच्यामागे उभ्या असतात. त्यातही त्या आल्या ऑक्टोबरात. स्टुटगार्टला डिसेंबरच्या शेवटी दिवस सव्वाआठ तासांच्या आसपास असतो, जूनमध्ये सोळा तासांहून मोठा. त्यांनी या देशाची अंधारी बाजूच तेवढी पाहिली आहे. बाकावर बसलेले, तळ्याकाठी पुस्तक वाचणारे, अंगणात मांस भाजत रात्री नऊच्या उजेडात गप्पा मारणारे शेजारी त्यांनी अजून पाहिलेलेच नाहीत.

तुमच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा वास्तव्याचा परवाना आहे, त्यामुळे त्यांना कुठलीही नोकरी करायची मुभा आहे आणि व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागली नाही. ही सवलत चांगली, पण तीच पुढे अडचण होते. भाषेशिवाय देशात येता आलं, म्हणून भाषा राहून जाते. इंग्रजीवर स्टुटगार्टच्या ऑफिसात निभेल, पण आजींशी, बालरोगतज्ज्ञाच्या स्वागतकक्षात, फेराईनच्या बाकावर नाही. सरकारी एकात्मीकरण वर्ग साधारणपणे ७०० तासांचा असतो, ६०० तास भाषा आणि १०० तास इथला इतिहास, कायदा, समाज. लोकविद्यालयात, म्हणजे फोल्क्सहोखशूलमध्ये, त्याखेरीज स्वस्त वर्गही चालतात. ऑनलाइन वर्ग लावू नका असं मी ठामपणे सांगते. भारतातल्या शिक्षिकेकडून घरबसल्या उत्तम जर्मन शिकता येईल, पण त्यांना आज व्याकरणाइतकीच गरज आहे ती रोज सकाळी नऊला कुठेतरी पोहोचण्याची. वर्गात युक्रेनची, सीरियाची, ब्राझीलची बाई शेजारी बसेल, तिलाही कचऱ्याच्या डब्यावरून चिठ्ठी आलेली असेल. इथली त्यांची पहिली मैत्रीण बहुधा जर्मन नसेलच, आणि त्यात काही कमीपणा नाही.

शिक्षणाचं मोल ठरवून घ्यायचं काम आत्ताच सुरू करा. अनाबिन नावाच्या सरकारी माहितीसंचात त्यांचं विद्यापीठ आणि पदवी कशी नोंदली आहे ते पाहता येतं. परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करणारं केंद्रीय कार्यालय पदवीच्या समकक्षतेचा दाखला देतं. डॉक्टर, परिचारिका, शाळाशिक्षक अशा नियमनाखालच्या व्यवसायांना स्वतंत्र मान्यता लागते आणि तिला वेळ लागतो. बाकी बहुतेक क्षेत्रांत दाखला आणि भाषा एवढ्यावर अर्ज करता येतो. त्या नोकरीत नसतील तोवर, तुम्ही सार्वजनिक आरोग्य विम्यात असाल, तर सध्याच्या नियमांनी तुमच्याच हप्त्यात त्यांचा विमा होतो. घाईने पडेल ते काम धरायची गरज नाही.

घरातल्या काही गोष्टी तुम्ही बदलायच्या आहेत. इथं फ्लॅटला सहसा नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं एकट्याचंच आडनाव आहे का बघा. पत्नींनी माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर त्यांची पत्रं परत जात असतील, अगदी टॅक्स नंबरचंही. त्यांचं नाव पेटीवर आणि बेलवर लावा. बँकेत त्यांचं स्वतःचं खातं उघडा, वाचनालयाचं कार्ड त्यांच्या नावावर घ्या. त्यांच्या वतीने प्रत्येक फोन तुम्ही करणं थांबवा. तुम्ही ते मायेने करता हे मला कळतं, पण त्यामुळे त्यांचा या गावाशी थेट संबंधच येत नाही.

आणखी एक, थोडं नाजूक. भारत घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो. सकाळी उठल्यावर आईशी, मग बहिणीशी, मग मैत्रिणींच्या ग्रुपवर बोलणं झालं की इथली दुपार होते. शरीर स्टुटगार्टला आणि दिवस भारतात, असं बरेच महिने चालू शकतं. आईशी बोलणं कमी करा असं मी कुणालाच सांगणार नाही. वेळ बदला. इथल्या सकाळी आधी बाहेर पडायचं, बेकरीत जाऊन ब्रेड घ्यायचा, वर्गाला जायचं, आणि फोन दुपारी, तिकडे संध्याकाळ असताना. मराठी मंडळात जरूर जा. गणपतीला, दिवाळीला आपली माणसं हवीतच, मनाला ऊब तिथूनच येते. पण आठवड्याची प्रत्येक भेट तिथेच होत असेल तर दोन वर्षांनीही आजींच्या चिठ्ठीची भीती तशीच राहील.

त्यांना रात्री झोप लागत नसेल, जेवण कमी झालं असेल, सतत रडू येत असेल, तर ते "रुळण्या"च्या खाती टाकू नका, डॉक्टरांकडे जा. आधी घराजवळचा फॅमिली डॉक्टर, हाउसार्ट्स्ट, नोंदवून ठेवा. तो पहिल्या भेटीत गोळ्या न देता चहा आणि विश्रांती सांगेल, याने आपले लोक फार नाराज होतात, पण इथली ती पद्धतच आहे. दवाखाने बंद असताना तातडीचं पण जिवावरचं नसलेलं दुखणं असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

परत जाण्याविषयी माझं मत तुम्ही थेट विचारलंत, तर सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इथं राहण्याविषयी कोणताही निर्णय घेऊ नये. तुम्ही आत्ता मार्चमध्ये विचारताय, म्हणजे तेही दिवस ताजेच आहेत. एक पूर्ण उन्हाळा दोघांनी मिळून बघा आणि सप्टेंबरअखेर पुन्हा बसा. त्या बैठकीत तुमच्या पगाराआधी त्यांच्या आठवड्याचा हिशेब मांडा: किती वेळा त्या स्वतःच्या कामासाठी बाहेर पडल्या, कुणाला स्वतःहून भेटल्या, कशाची वाट पाहिली. त्या हिशेबात काहीच हललेलं नसेल, तर परत जाणं हा समंजस निर्णय असेल आणि तुम्ही तो त्यांना बोल न लावता घ्यायला हवा. राहायचं ठरलं, तर ब्लू कार्डवर बी-१ म्हणजे मध्यम पातळीच्या जर्मनसह २१ महिन्यांत आणि ए-१ म्हणजे अगदी प्राथमिक पातळीसह २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. त्यासाठी लागणाऱ्या बाकीच्या अटींपैकी पेन्शनचे हप्ते तुमच्या नोकरीतून आपोआप भरले जात असतात. भाषेचं तेवढं तुम्हालाही करावं लागेल, फक्त पत्नींना नाही.

लोकविद्यालयाचं वसंत सत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं, म्हणजे काही वर्गांत अजून जागा असू शकते. त्याआधी पातळी ठरवणारी छोटी चाचणी असते. या आठवड्यात दोघं जाऊन या. तुम्ही सोबत असलात तरी काउंटरवर बोलायचं त्यांनी.